बेल्टचा दिवा विझेपर्यंत

सोमवार, ५

आले बाई एकदाची! दोन बस बदलल्या आणि शेवटचा टप्पा पायी. बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलं, ते खिशात घालून आले. खोली छान आहे. स्वच्छ चादर, खिडकीत टेबल, टेबलाला खण. खणात ही वही ठेवली, गळ्यातला शिवणाचा टेप मात्र गळ्यातच राहू दिला. तीस वर्षं तिथेच आहे तो. काढला की मला उघडं उघडं वाटतं.

लेकीने फोनवर तीनदा विचारलं, नक्की राहशील ना, पळून येणार नाहीस ना? मी म्हटलं, आता धक्के मारून काढलं तरी जायची नाही. तोंडाने मी तोफ आहे. विमान दिसलं की पाचावर धारण बसते, एवढंच.

लेक समुद्रापलीकडे. पहिलटकरीण, महिनाअखेरीला दिवस भरतायत. तिकडे ना बस जाते ना ट्रेन. मागे एकदा मी विमानाच्या दारातून परत फिरले. दुसऱ्यांदा आत जाऊन बसले, बेल्टसुद्धा लावला, आणि दार बंद व्हायला लागल्यावर अशी किंचाळले की मला उतरवावं लागलं. दोनशे माणसं बघत होती. आता २० तारखेचं तिकीट आहे, जावई स्वतः न्यायला येणार आहे. या वेळी नाही गेले तर पोरगी एकटीच बाळंत होईल. माहेरचं तिचं माझ्याशिवाय आहे कोण?

म्हणून ही शाळा. विमानाची भीती घालवायची शाळा! पत्र्याची भलीमोठी शेड आणि तिच्यात पंख कापलेलं एक जुनं विमान. चालवणारे गृहस्थ स्वतःला कॅप्टन म्हणवतात. शर्ट पांढराशुभ्र, पण कॉलर उसवून, उलटवून शिवलेली. माझ्या नजरेतून काय सुटतंय! त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजली आणि रजिस्टरात लिहिली. १२६. दोन बोटं कुठे ठेवायची ते मलाही शिकवलं.

बाकी तिघं आहेत. एक दातांचे डॉक्टर, गलेलठ्ठ आणि मऊ बोलणारे. एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, सतत चष्मा पुसणाऱ्या. आणि एक अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ, दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेले. त्यांचं नाव मी पहिल्याच चहाला नवरदेव ठेवलं. बायकोला विमानात बसायचंय म्हणे आणि आपल्याला भीती वाटते हे याने अजून तिला सांगितलेलं नाही. मला ताई म्हणायला लागला लगेच. पोटभर हसलो आम्ही.

कॅप्टनचा नियम एकच. डोक्यावरचा बेल्टचा दिवा विझेपर्यंत कुणी उठायचं नाही. कुणी उठलंच, तर बाकीच्यांनी त्याला बसवायचं. ते स्वतः कुणाला हात लावणार नाहीत. शेडचं दार दिवसभर उघडं असतं, ज्याला जायचं त्याने दिवा विझल्यावर खुशाल जावं.

मंगळवार, ६

सकाळी दहा वाजता पहिलं उड्डाण. विमानाखाली कसलीशी यंत्रं आहेत, सगळा डबा गदगदा हलतो. वर कर्ण्यातून इंजिनाचा आवाज. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. जमीन चार फुटांवर होती. तरी मी बेल्ट सोडून उठले.

तिघंही धावून आले. डॉक्टरांनी खांदे दाबले, कॉलेजच्या बाईंनी केस धरले. केस! नवरदेव माझ्या गुडघ्यांवर बसला आणि सारखा माफी मागत होता. मी त्यांना अशा शिव्या घातल्या की माझ्या शिवणाच्या दुकानात कुणी ऐकल्या नसतील. दिवा वीस मिनिटांनी विझला.

गळ्याखालच्या हाडावर डॉक्टरांचा अंगठा निळा उमटलाय. माझी नाडी १३४. पण त्या तिघांची पहिल्या दिवसापेक्षा खूप खाली आली होती, कॅप्टननी सगळ्यांना वाचून दाखवली. भीती जात नसते, म्हणाले, ती दुसऱ्याकडे सरकवायची असते. मला त्या माणसाचा मनस्वी राग आला. बॅग भरली. मग लेकीचा फोन आला. रात्री झोप लागत नाही म्हणाली, तुला बघितलं की लागेल. बॅग परत रिकामी केली.

बुधवार, ७

आज नवरदेव उठला. मी त्याच्या शेजारीच होते. मी त्याला बसवलं. खांदा धरून, मग गळपट्टी धरून, मग दोन्ही हातांनी. त्याच्या शर्टाचं बटण तुटून उडालं.

माझी नाडी ८८.

पहिल्यांदाच डबा हलत असताना मला डबा हलतोय याची आठवण नव्हती. लाज वाटली, खोटं कशाला लिहू? पण पोटात छान गार वाटत होतं. संध्याकाळी नवरदेव शर्ट घेऊन आला. मी बटण दुहेरी दोऱ्याने पक्कं लावून दिलं. आता जन्मात तुटायचं नाही म्हटलं. तो म्हणाला, ताई, तुमचा हात फार जड आहे हो. दोघंही हसलो.

शुक्रवार, ९

कॉलेजच्या बाई उठल्या. नखं मारत होत्या, डॉक्टरांचा गाल फाडला. मी त्यांचा हात धरून मागे वळवला आणि करंगळी मोडली. काडकन आवाज आला. त्या ओरडल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सीटची उशी दाबली. दिवा विझेपर्यंत दाबून धरली.

नंतर डॉक्टरांनीच चमचा बांधून करंगळी सरळ केली. मी टेपने माप घेऊन पट्टी कापून दिली. मला वाटलं, आता या जाणार. दार उघडं होतं. त्या दारापर्यंत गेल्या, बाहेर बघितलं आणि परत येऊन चष्मा पुसत बसल्या. त्यांचा मुलगा परदेशात इस्पितळात आहे, हे आज कळलं.

माझी ७८.

सोमवार, १२

जेवताना प्रत्येक जण दुसऱ्याचे हात बघतो, चमचा हलतोय का. माझा नाही हलत.

आज दातांचे डॉक्टर. उठलेसुद्धा नव्हते. नुसते रडत होते, तोंड मिटून, बसल्या जागी. नियम उठणाऱ्यासाठी आहे. मला माहीत होतं. तरी आम्ही तिघं उठलो आणि — म्हणजे उठलो ते आम्ही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

कॉलेजच्या बाईंनी शेजारच्या सीटचा बेल्ट कापून आणला होता. पितळी कडी होती त्याला. तोंडावर मारला. परत मारला. मग मी मागितला आणि मीही मारला. दोन दात खाली पडले, एक माझ्या चपलेला चिकटून खोलीपर्यंत आला. कॅप्टन समोर उभे राहून घड्याळ बघत होते.

७२. इतकी छान झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

बुधवार, १४

डॉक्टरांचं तोंड सुजून डोळ्यापर्यंत गेलंय. नळीने सूप पितात. त्यांची नाडी मात्र ७०, आणि ती त्यांनी बोटांनी मला दाखवली, अभिमानाने.

आज कुणीच उठलं नाही. वीस मिनिटं सगळे दगडासारखे. डबा हलत होता आणि डबा हलतोय याची मला परत आठवण व्हायला लागली. देवा, उठा की कुणीतरी. उठा ना. मी नवरदेवाच्या गुडघ्याकडेच बघत होते.

९०. चढली!

सहा दिवस उरले.

गुरुवार, १५

सकाळी चहाला नवरदेव म्हणाला, आज दिवा विझला की तो जाणार. बायकोला खरं सांगून टाकणार, आपण बसनेच फिरू. ताई, तुम्हीपण चला, म्हणाला, लेकीला कळेल, आईवर का कुणी रागावतं?

त्याच्या शर्टाला माझं बटण होतं.

दहा वाजता डबा हलला. तो उठला नव्हता. पाय लांब करत होता फक्त. मी ओरडले, उठतोय! आम्ही तिघांनी त्याला — टेप माझ्या गळ्यात होता, तो त्याच्या गळ्यात कसा गेला ते — एक फेरा, मग दुसरा. तो ताई ताई म्हणत होता. मग नुसतं त त. हाताला कपडा ताणल्यासारखं लागत होतं, ताणायचं कसं ते माझ्या हाताला चांगलं माहीत आहे. बाईंनी पाय धरले. डॉक्टर छातीवर बसले.

दिवा विझला तेव्हा तो बसलेला होता. अगदी सरळ.

कॅप्टननी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ. मग रजिस्टरात त्याच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली आणि माझा हात हातात घेतला.

६८.

शनिवार, १७

घरी आहे. कालच सोडलं. प्रमाणपत्र दिलं, वर माझी नाडी लिहिलेली आहे. नवरदेव कुठे गेला कुणी विचारलं नाही. त्याचे बूट सीटखाली तसेच होते. मी कॅप्टनना म्हटलं, कॉलर द्या, नीट शिवून देते. ते म्हणाले, नको, तुम्ही उड्डाण करा.

मुठीत बटण आहे. दोऱ्यासकट आलंय. दुहेरी दोरा होता.

लेकीला फोन केला. आई, तुझा आवाज किती शांत आहे गं, म्हणाली आणि रडायला लागली. आनंदाने. बाळ पोटात फिरतंय, डोकं खाली आलंय. तीन दिवस, म्हटलं. तीन दिवस थांबव त्याला, मी आलेच.

पोलिसांकडे जायला हवं. जाईन. आधी बाळंतपण. मग जाईन.

सोमवार, १९

जावई आला. चेहरा पांढरा पडलाय, प्रवासाने असेल. आल्या आल्या माझी बॅग बघितली आणि चाक बसवून दिलं. भला माणूस. बाळासाठी पाळणा त्याने स्वतः बनवलाय, फोटो दाखवला.

शिवणाच्या कात्र्या विमानात नेता येत नाहीत. टेपला हरकत नाही म्हणे.

मंगळवार, २०

विमानात बसलेय! दार लागलं आणि मी हूं नाही केलं. उडताना स्वतःची नाडी मोजली. ७०. मागची दोघांची सीट, जावई खिडकीशी. आमच्या पुढे सगळे झोपलेत. खाली ढग दिसतात. लेकरा, आले मी.

जावयाने उडताना माझा हात धरला होता. तळवा ओला. मग हसत हसत म्हणाला, आई, एक सांगतो, तुमच्या लेकीला सांगू नका. विमानात माझीच फाटते. दर वेळी गोळी घेऊन झोपतो. या वेळी नाही घेतली. मी झोपलो असतो तर तुमच्याकडे कुणी बघितलं असतं?

मी म्हटलं, घे की आता. बॅग वर आहे, म्हणाला. नंतर घेतो.

—

हादरे बसतायत. बेल्टचा दिवा लागला.

८४. त्याचा गुडघा हलतोय. ९६. माझं नाही हे. त्याच्याकडून येतंय. मला माहीत आहे कुठून येतं.

बघायचं नाही त्याच्याकडे. बटण मुठीत धरलंय. बघायचं नाही.

गोळी काढायची म्हणतो. बेल्ट सोडला त्याने. मी म्हटलं बस. दिवा लागलाय, बस. आई, दोन मिनिटं, म्हणतो. बस म्हटलं ना —

११०

उठतोय

—

ब्लँकेट पांघरलंय त्याला, हनुवटीपर्यंत. डोकं माझ्या खांद्यावर. एका हाताने लिहितेय. त्याने फार त्रास दिला नाही. आई म्हणाला दोनदा. पाय पुढच्या सीटवर आपटले, पण हादऱ्यात कुणाला काय कळतंय. हवाईसुंदरी येऊन गेली, झोपलेत ना, म्हणाली. मी मान हलवली.

६६. इतकी कधीच नव्हती.

लेकीला सांगेन, अजिबात घाबरला नाही. सरळ बसला होता.

त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नीट ठेवली नसतील. परत ठेवते.

परत.

हात गार लागतोय. पाळणा याने बनवलाय. स्वतः —

दिवा विझला.

दिवा विझला रे, आता चालतं. ऊठ. आता कुणी काही म्हणणार नाही, गोळी घे, ऊठ ना बाळा. ती विमानतळावर येणार आहे, एवढं पोट घेऊन दारात उभी असेल, मी तिला काय —