ओवीला धनी असतो, आई

आई, तुझं एक वाक्य खोटं निघालं. तू जाऊन वर्षं लोटली, आता तुला काही लागायचं नाही, म्हणून तोंड सोडून लिहिते. ओवीला धनी नसतो म्हणायचीस ना? असतो. त्याचं ऑफिस आहे, आणि फोन उचलायला गोड आवाजाची एक पोरगी आहे.

कार्ल्याचं आपलं स्वयंपाकघर, चुलीपलीकडे जातं. मी शाळेतून उड्या मारत येते नि सांगते, बाईंना आज माझ्या आईचं गाणं म्हणून दाखवलं. तू खुंटा सोडतेस आणि पिठाच्या हातानं माझ्या गालावर ठेवून देतेस. "माजं कुटनं आलं गं? मला सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. माजं माजं करती, भवाने! ओवीला धनी नसतो." गालावरचं पीठ तसंच ठेवून मी जेवले. तरी ती ओवी मला माझीच वाटायची. सुपात निजलेल्या लेकीच्या डोळ्यांत पीठ उडू नये म्हणून वाऱ्याला दारातच थांब म्हणणारी. शेवटी जी ती आई आपल्या लेकीचं नाव घेते, तू माझं घ्यायचीस.

पुढे खंडाळ्याच्या रिसॉर्टमध्ये कुणा बड्यांच्या हळदीला तुला जात्यावर हळद दळायला बोलावलं. नवरीचं नाव घ्यायचं सोडून सवयीनं तू तिथेही माझंच घेतलंस. सगळे हसले. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं विचारलं, "आजी, गाणं तुमचंच का?" तू म्हणालीस, "माजं कसलं, समद्यांचं. न्या की." नेलं. तुला साडी मिळाली, ती अंगाला लावून तू आरशासमोर उभी राहिलीस, केवढी खूश! मला आता त्या साडीची चीड येते. तुझीसुद्धा येते.

घरच्या जात्यावर तू दळतानाचा व्हिडिओ मी तू गेल्यावर इंटरनेटवर टाकला होता. नंतर मोबाईल इंद्रायणीत पडला, तरी मी निर्धास्त, आई तिकडे आहे म्हणून. गेल्या महिन्यात बघते तर व्हिडिओ गायब. रिसॉर्टमधलं रेकॉर्डिंग एका म्युझिक कंपनीनं आपल्या नावावर केलंय, गाणं आमचं म्हणून तक्रार तिचीच. चोराच्या उलट्या बोंबा! हरकत घ्यायला गेले तर प्रश्न आला, हे तुमचं स्वतःचं आहे का? झालं, गाल हुळहुळला. मी खरं तेच लिहून बसले, हे आमच्याकडच्या सगळ्या बायकांचं आहे. हरकत फेटाळली. मग मी कंपनीला फोन केला.

"मॅडम, तुमचं नाही असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"अगं, आवाज माझ्या आईचा आहे!"

"सिस्टीममध्ये तो आमचा आहे, मॅडम. उद्या तुम्ही स्वतः गाऊन टाकलंत तरी आमच्या हक्काचा क्लेम येईल."

माझं म्हणाला त्याचं झालं, समद्यांचं म्हणणाऱ्या आपण दोघी बसलो बोंबलत. एवढं शहाणपण शिकवलंस, त्यापेक्षा एकदा खोटं बोलायला शिकवायचंस.

मी आता त्याच रिसॉर्टच्या बँक्वेट हॉलवर कामाला आहे. प्रत्येक हळदीला कंपनीचं ते गाणं लावायचं काम माझंच. तुझा आवाज, त्यावर ढोलकी, आणि माझं नाव कापून टाकलेलं. काल नवरीचा मामा ओरडला, "ओ ताई, कमी करा ते, डोकं उठलं!" मी ऐकूच आलं नाही असं केलं. नाव घ्यायच्या आधी तू श्वास घ्यायचीस, तेवढा कापायचा राहून गेलाय.

हे पत्र टाकू कुठे? माझ्याकडे पत्ता आहे तो कंपनीचा, तुझा नाही. राहू दे इथेच. एक मात्र सांगते. तो श्वास आला की पुढच्या ढोलकीवर मी माझं नाव हळूच म्हणते. तुझ्यासारखं येत नाही.