अंधारातली माझी टोपली

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी
आज भुजली पेरली. दरसाल मी आन माझी नात माही, दोघीच पेरतो. वारुळाची माती, तिच्यात गहू, टोपली मागच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. उजेड लागू द्यायचा नाही, मग कोंब कसे पिवळेधम्मक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावावर धुवायचे, मग लहानांनी मोठ्यांच्या हाती देऊन पाया पडायचं. माहीची पहिली भुजली माझ्याच हातात, चालाले लागली तेव्हापासून.

यंदा सुनेची आई आली आहे, जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरातून. इहीनबाई. भुजलीपर्यंत राहणार म्हणे. राहोत. (पुढं इ.बा. लिहीन, हात दुखतो.) आल्या आल्या पिशवीतून लाल, निळी, हिरवी पन्नी काढली, आरपार दिसते तशी. माहीच्या शाळेचा प्रयोग, कोणत्या रंगाच्या उजेडात गहू कसा येते. पोट्टी अशी नाचली, पन्नीसाठी आणखी तीन टोपल्या पेरल्या. मी तिच्यासाठी जिलेबी आणली होती, ती तशीच.

१ ऑगस्ट, शुक्रवार
चारही टोपल्यांत कोंब संगच आले. मी म्हटलं, "गव्हाले का रंग कळते?" इ.बा. म्हणाल्या, "फुटाले सारे संगच फुटतात, फरक पुढं दिसल." जसा गहू त्यांच्या क्वार्टरातच जन्मला.

पन्नीवाल्या तिन्ही खिडकीत, त्या त्यांच्या. अंधारातली माझी. संध्याकाळी माही पट्टी घेऊन "नानी, नानी" करत खिडकीशी. माझी टोपली उजेड लागू नये म्हणून घडीभरच उघडते न झाकते. म्हणजे माझ्याजवळ घडीभरच बसते.

धानाच्या रोवण्याच्या बाया जेवाले होत्या, भाजी कमी पडली. तेही इ.बा. समोर.

४ ऑगस्ट, सोमवार
माझी सगळ्यात उंच! लाल लांबट, निळी बुटकी न जाड, हिरवी फिकी, मान टाकलेली. माझी लालच्याही वर. सपरीत बसलेल्या साऱ्याइले ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या भुजलीले पन्नीची गरज नाही पडली." सून पदरात हसली.

इ.बा.नं चष्मा पुसला. "इहीनबाई, ते वाढलं नाही जी, ते उजेड शोधून राहिलं. लांबलं तेवढं, बळ नाही. निळी बुटकी दिसते, पण दम तिच्यात." बोट लावलं तं माझे कोंब आडवे झाले.

माहीनं मान डोलवली. नानीकडं पाहून.

७ ऑगस्ट, गुरुवार
उजेड शोधून राहिलं. डोक्यातून जात नाही. इतके वर्स मी काय उपाशी ठेवलं त्या कोंबाइले?

इ.बा. माहीले घेऊन तुमसरले गेल्या, चप्पल घ्याले. "आजी, येतेस का?" कोणी म्हटलं नाही. (गुडघा दुखते माझा, गेलीही नसती. विचारायचं तं होतं.)

टोपली अंगणात उन्हात ठेवली. दुपारभर बसली तिच्याजवळ. म्हटलं, माझ्यातही दम येऊ दे, त्या निळीपेक्षा. त्या यायच्या आत परत कोपऱ्यात.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी
माहीनं टोपली उघडली. "आजी, हे हिरवं कसं झालं?"
सांगितलं.
"आजी, अंधारातलीच तं मेन होती. बाकीच्या तिच्याशी तोलायच्या होत्या."

म्हणजे माझीच मेन. आन मी खिडकीकडं पाहून जळत बसली. हसावं का रडावं.

इ.बा. म्हणाल्या, "लिही माही, उजेडात ठेवली तं हिरवी झाली. तोही प्रयोगच." त्यांची मेहरबानी नको होती. पण बोलल्या चांगलं. इथं लिहिते, तोंडानं म्हणणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार. भुजली
घरात पिवळी भुजली नाही. पहिल्यांदाच. माही चारही टोपल्या घेऊन पोट्ट्यांसंगं तलावावर गेली. शाळेसाठी थोडे थोडे कोंब काढून ठेवले.

मी न इ.बा. ओट्यावर. दोघींच्याही नव्या साड्या.
इ.बा. म्हणाल्या, "पहिली कोणाले देते जी ती?"
"लेकरू आहे. जी जवळ दिसल तिले." म्हटलं, न पायरीकडं जरा सरकली. थोड्या वेळानं पाहते तं त्याही सरकल्या.

विचारतात, काय लिहून राहिल्या. रोवण्याच्या बायांची नावं, म्हटलं.

गाणं जवळ आलं. वळणावर माही दिसली. आमच्याकडं पाहून हसून राहिली, दोन्ही हातांतली भुजली पाठीमागं लपवून. वही ठेवते, हात रिकामे पाहिजेत.