यार्डात आम्ही सुखी होतो

सोमवार, १२ एप्रिल २०१०

आज मी सरकारी अधिकाऱ्याशी खोटे बोललो. वय वर्षे शहात्तर, चर्चचा डीकन, आणि खोटे बोललो!

मिस टॉलिव्हर नावाची तरुण बाई आली होती — एफबीआयची. दारातल्या पायपुसण्यावर बूट नीट पुसून मगच आत आली, हे मला आवडले. आमच्या मुलीचे, वर्निताचे, नाव इथल्या फेडरल न्यायाधीशपदासाठी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात गेले आहे. नाव जाहीर होण्यापूर्वी हे लोक गावात घरोघर फिरून विचारपूस करतात. माझी बायको ओला आज हयात असती तर तिने केक केला असता. मी तिच्या चांगल्या कपातून कॉफी दिली. मुलगी पिते का, कर्ज आहे का, रागीट आहे का — सर्व प्रश्नांना मी ताठ बसून उत्तरे दिली. शेवटी वही मिटता मिटता बाईने विचारले, की कुटुंबात कोणाच्या हातून असे काही घडले आहे काय, जे उद्या उजेडात आले तर मुलीला मान खाली घालावी लागेल?

"नाही, मॅम."

लगेच म्हणालो. इतक्या लगेच, की तिने वहीतून मान वर केली.

मंगळवार, १३ एप्रिल

कुंपण रंगवले. दुसरे काही केले नाही. कालचे उत्तर जिथे होते तिथेच आहे.

गुरुवार, १५ एप्रिल

ज्याची शाळा चौथीत सुटली त्याने निदान स्वतःच्या वहीत तरी अक्षर न् अक्षर खरे लिहावे.

सन १९७४. कागदाच्या कारखान्यात आम्ही काळे लोक लाकडाच्या यार्डात, गोरे लोक यंत्रांवर. यंत्रावर जायचे तर आपली सर्व सेवाज्येष्ठता सोडून द्यायची आणि वर लेखी परीक्षा द्यायची. मी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा साहेबाने तो माझ्यासमोर घडी घालून परत दिला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "लेम, चौथीच्या पोरानं ओंडक्यांशीच बोलावं. ओंडके स्पेलिंग विचारत नाहीत." सारे हसले. मीसुद्धा हसलो. ते हसणे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

इझ्रा मेझिकने अकरा जणांना घेऊन कारखान्यावर फेडरल कोर्टात दावा लावला. इझ्रा माझा मित्र. एकाच नदीवर आम्ही पोहायला शिकलो. त्याने माझे नाव साक्षीदारांत घातले नाही. म्हणाला, तुझी पोरगी लहान आहे, तू बाहेर राहा. मग कंपनीच्या वकिलाने मला साक्षीला बोलावले. ज्युरी नव्हती. एकटे न्यायाधीश होते, वयस्कर, हातात पेन्सिल. वकिलाने विचारले, यंत्रांवर जाण्यापासून तुम्हाला कधी कोणी अडवले काय? मी बायबलवर ठेवलेला हात नुकताच खाली घेतला होता.

"नाही, सर. यार्डात आम्ही सुखी होतो."

दावा फेटाळला गेला. निकालात माझे ते वाक्य होते म्हणतात. मी वाचला नाही. वाचता आला असता, पण वाचला नाही. सहा आठवड्यांनी मला सुपरवायझरचे पांढरे हेल्मेट मिळाले — यार्डातल्या काळ्या माणसाला मिळालेले पहिले. इझ्राला पुढच्याच वर्षी कामावरून कमी केले. माझ्या त्या वाढलेल्या पगारावर वर्निता शिकली. वर्निता नऊ वर्षांची होती आणि घरात येईल तो कागद वाचून काढत होती, ही गोष्ट मी इथे सबब म्हणून लिहीत नाही.

सबब म्हणूनच लिहिली. खोडत नाही.

रविवार, १८ एप्रिल

प्रार्थनेनंतर सिस्टर पिंकनी पायरीवर भेटल्या. म्हणाल्या, "डीकन, तुमच्या लेकीनं अख्खं गाव कामाला लावलं हो. ती कोटवाली बाई शुक्रवारी इझ्राच्या दुकानात पाऊण तास होती. गवत कापायचं मशीन घ्यायला नक्कीच गेली नसणार!" आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

इझ्रा माझ्या मागे तिसऱ्या बाकावर बसतो. छत्तीस वर्षे दानाची थाळी मी त्याच्यापुढे धरतो. तो टाकायचे ते टाकतो. वर पाहत नाही. आजही पाहिले नाही.

पाऊण तास! पाऊण तासात माणूस सगळे सांगू शकतो.

मंगळवार, २० एप्रिल

इझ्राच्या दुकानात गेलो. कोट घालून, टाय लावून. दारात उभा राहिलो आणि मला समजले, की मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगण्यासाठी आलो आहे. ज्याची भाकर मी घालवली त्याच्याकडे!

तो एका मशीनचे पाते घासत होता. हात न थांबवता म्हणाला, "छत्तीस वर्षं लागली होय रे वळणापलीकडून इथवर यायला? आणि आलास ते मयताला आल्यासारखा."

मी विचारले, त्या बाईला काय सांगितलेस. तो म्हणाला, पोरगी सोन्यासारखी आहे हे सांगितले. सरकारी वकील होती तेव्हाही गावात येऊन म्हाताऱ्यांचे कागद फुकट वाचून द्यायची, तेही सांगितले. मग बाईने बापाबद्दल विचारले.

"मी म्हटलं, लेमुएल गिलियार्ड सरळ माणूस. जन्मात खोटं बोलला नाही."

उभ्याउभ्या टेबल धरले. त्याने एक उलटी बादली पायाने माझ्याकडे सरकवली, पण मी बसलो नाही. बसायला हवे होते.

"तुझ्यासाठी नाही बोललो," इझ्रा म्हणाला. "त्या दिवशी वर न्यायाधीशाच्या खुर्चीत आपल्यातलं कुणी असतं, तर तुझं ते वाक्य चाललं नसतं. आता कुणीतरी बसतंय. तुझ्यापायी ते घालवू? आणि ऐक. तुला आता खरं बोलायची हुक्की येईल, म्हातारपणी येते. पोरीला सांगू नकोस. तिला कळलं की वर कळवणं तिला भाग आहे. तुझा ओंडका तूच वाहा."

त्याने पाते पुन्हा घासायला घेतले. मी टोपी हातात घेऊन निघालो.

शनिवार, २४ एप्रिल

वर्निता आली. कोळंबी आणली, भेंडीचा रस्सा स्वतः केला. खुशीत होती. मी विचारले म्हणून तिने आपली सारी वाट पुन्हा एकदा बोटांवर मोजून दाखवली: कायद्याचे कॉलेज, मग दोन वर्षे न्यायाधीशांच्या हाताखाली कागद वाचायचे, मग बारा वर्षे सरकारी वकील, मग मॅजिस्ट्रेट. आता ही खुर्ची, आणि ही मरेपर्यंतची, कोणी ऊठ म्हणू शकत नाही. हे ऐकायला ओला हवी होती.

मी विचारले, साक्षीदार खोटे बोलतो आहे हे कसे ओळखतेस?

"बरेचदा ओळखता येत नाही, डॅडी," ती म्हणाली. "पण उत्तर फार पटकन आलं, की मी पेन्सिलीनं बाजूला एक रेघ मारून ठेवते."

मी चमचा खाली ठेवला. पोट भरले असे सांगितले. तिने भांडी धुतली. जाताना माझी कॉलर सरळ केली, जशी तिची आई करीत असे. मी तिच्याकडे नीट पाहू शकलो नाही.

रविवार, २५ एप्रिल

थाळी मी आज दुसऱ्याच्या हाती दिली. तब्येत बरी नाही असे पाद्रींना सांगितले. हे आणखी एक!

सोमवार, २६ एप्रिल

इझ्राचे म्हणणे रास्त आहे, पण अर्धे. वर्निताला सांगणे म्हणजे माझे ओझे तिच्या डोक्यावर देणे. मात्र खोटे मी वर्निताशी बोललेलो नाही. ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापुढेच ते परत घेता येते. तिची खुर्ची यात गेली तर माझ्यामुळे गेली असे होईल. राहिली तर खोट्यावर राहिली असे होईल. दोन्हीकडून बाप मीच.

पत्र लिहिले. चार वेळा. शब्दकोश समोर ठेवून. चौथ्यातही एक जागी शाई पसरली; तसेच राहू दिले.

बुधवार, २८ एप्रिल

गाडी काढून शहरात एफबीआयच्या कचेरीत गेलो. मिस टॉलिव्हर खाली येऊन मला घेऊन गेल्या. पत्र मी हातात दिले नाही, उभा राहून वाचून दाखवले. "मी, लेमुएल गिलियार्ड, ऑक्टोबर १९७४ मध्ये शपथेवर खोटे बोललो आणि त्याबद्दल बढती घेतली. बारा एप्रिल रोजी तुमच्याशी पुन्हा खोटे बोललो. माझ्या मुलीचा यात दोष नाही."

बाईने विचारले, हे लिहायला कोणी सांगितले? कोणी नाही. मुलीला माहीत आहे? नाही, मॅम.

या खेपेला त्यांनीच थांबून माझ्याकडे पाहिले. मग काहीतरी लिहिले. मी विचारले, आता तिचे काय होईल? त्या म्हणाल्या, यावर त्यांना काहीच बोलता येणार नाही. लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मला आधार द्यायला हात पुढे केला. मी घेतला नाही.

रविवार, २ मे

फोन नाही. इझ्राला काही सांगितलेले नाही. त्याने पोरीसाठी केलेले मी उधळून आलो, हे कोणत्या तोंडाने सांगू?

गुरुवार, ६ मे

वर्निताचा फोन. मी तोंड उघडण्याआधी तीच बोलली. मिस टॉलिव्हरनी तिला बोलावून माझ्या पत्राबद्दल आणि इझ्राच्या जबाबाबद्दल विचारले होते. पहिल्या नोकरीत, कोर्टाच्या तळघरात जुन्या फायली लावताना तिने माझी साक्ष वाचली होती. वीस वर्षे झाली. वीस वर्षे ती सणाला येऊन माझ्या समोर बसून जेवली. आणि या वेळी, नियुक्तीत अडचण आणील असे काही असल्यास लिहा, या अर्जातल्या प्रश्नाखाली तिने मार्चमध्येच ते सर्व स्वतःच्या हाताने लिहून दिले होते.

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं म्हणणं आता माझ्या म्हणण्याशी जुळतं, डॅडी," ती म्हणाली. "फाइलीत आता एकट्या इझ्राकाकांचंच जुळत नाही."