बेदाण्याच्या शेडात मोठ्यानं वाचलेलं मृत्युपत्र

मी, मंगल बिरदेव काळेल, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, धंदा बेदाणा निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण, मूळ राहणार तालुका माण, जिल्हा सातारा, सध्या राहणार तासगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खाटेवर नव्हे तर खुर्चीवर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना दाखला पुरत नसेल त्यांनी शेडात येऊन मला काडीवाला बेदाणा निवडलेला म्हणून खपवून दाखवावा. मला कोणी शिकवलेले नाही, कोणी धमकावलेले नाही, आणि मी कोणावर रुसून लिहीत नाही. थोडी रुसले आहे, ते कलम दोनमध्ये येईल.

नमुना वकील निमिष यांचा आहे, बोलणे माझे. "मावशी, यात भावना नकोत," असे ते म्हणाले. मी म्हटले, मग तुम्हीच मरा माझ्या वतीने. तेव्हापासून त्यांनी भावनांचे नाव काढलेले नाही.

कलम १. घर. तासगावातील माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व पुढचे अंगण. पूर्वेस बोळ, दक्षिणेस मारुतीच्या देवळाची भिंत, पश्चिमेस शेजाऱ्यांचा गोठा, उत्तरेस त्याच शेजाऱ्यांचा उकिरडा, जो हलवतो हलवतो म्हणून त्यांनी अजून हलवलेला नाही. हे घर स्वकष्टार्जित आहे. यात वडिलांची एक वीट नाही, भावाची तर नाहीच नाही. माझ्या पश्चात हे घर संपूर्ण मालकीहक्काने राहीबाई यांना मिळावे. त्यांचे पूर्ण नाव व आधार क्रमांक सोबतच्या पानावर आहे. राहीबाई जतकडून बेदाण्याच्या हंगामाला आली होती, एका हंगामापुरती, आणि माझ्याकडे उतरली. हंगाम संपला. ती गेली नाही, मी जा म्हटले नाही. याला आता वीस वर्षे उलटून गेली.

मी लग्न केलेले नाही. तेव्हा कागद नसेल तर घर माझा भाऊ भाऊसो याच्याकडे आणि पुढे त्याचा मुलगा मल्हार याच्याकडे जाईल, असे वकिलांनी समजावले. आमच्या दोघींच्या नात्याला कायद्यात कागद नाही, म्हणून हा कागद. मल्हार शिरवळला कंपनीत आहे. वाईट पोरगा नाही, दिवाळीला येतो, पाया पडतो. गेल्या दिवाळीला पाया पडून उठला आणि राहीबाईच्या हातचा लाडू खात म्हणाला, "आत्ती, तुझ्यामागं ह्या घराचं कायतरी बघाय पायजे. ती बाई कोण लागती आपली?" राहीबाई तिथेच गॅसपाशी उभी होती. तिने दुसरा लाडू त्याच्या ताटलीत ठेवला. मी गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणून मला आठवडाभर जेवण गेले नाही. सगळ्या कागदाचे कारण एवढेच आहे. मी गेल्यावर राहीबाईला या घरातून कोणी "ऊठ" म्हणू नये.

कलम २. माणमधली वडिलोपार्जित जमीन, मेंढरे व विहिरीतला वाटा. यावर माझा काहीही हक्क उरलेला नाही. तो मी एका भाऊबीजेला सोडला. भाऊसोला ओवाळले, त्याने ताटात साडी टाकली, आणि साडीच्या घडीत हक्कसोडीचा कागद होता. "सही कर मंगल. तुझ्या अधू पायामुळं तुझं लगीन तर काय हुयाचं न्हाई, तुला काय करायचीय जमीन?" मी सही केली. जमिनीचे दुःख नाही, तिथे पिकत तरी काय होते, हुलगे आणि दगड. पण "लगीन तर काय हुयाचं न्हाई" हे तो जसे पाऊस नाही म्हणावे तसे म्हणाला, त्याचा मला लय राग आहे. ती साडी मी कधी नेसले नाही. ट्रंकेत आहे. ती भाऊसोला घडी न मोडता परत द्यावी. रागही तिच्याबरोबरच द्यावा, म्हणजे मी मोकळी.

कलम ३. 'मीठदरीचे पहारेकरी' ही कादंबरी, भाग पहिला, प्रत एक. पाठ निघाली म्हणून दाभणाने शिवलेली, पानोपानी बेदाण्याची चिकट बोटे लागलेली. वकील म्हणाले, पुस्तकाला वेगळे कलम कशाला, 'इतर चीजवस्तू'मध्ये घाला. घालणार नाही.

अधू पायाला आधार म्हणून घालते ते लोखंडी कॅलिपर दुरुस्त करायला सांगलीला गेले होते, तिथे पुस्तकांचे प्रदर्शन लागले होते. एका पुस्तकावर कुबडी घेतलेली बाई दिसली. ती भीक मागत नव्हती, देवळाच्या पायरीवरही बसली नव्हती. आभाळात तरंगणाऱ्या भल्या थोरल्या माशावर बसली होती. मी घेतले. तोवर मी दुपारी शेडात बायकांना पेपर वाचून दाखवत असे, राशिभविष्य आणि अपघात. दुसऱ्या दिवशी पेपर बाजूला ठेवला आणि हे काढले.

मीठदरी हा कुठल्याच नकाशात नसलेला मुलूख. तिथल्या गडाची पहारेकरीण तारकी, तिचा एक पाय जन्मापासून वाळलेला, म्हणून ती ढगमाशावरून फिरते. तिच्या सोबतीला सोनकी, लोहारीण, कानाने बहिरी, हातांनी बोलणारी. दोघी मिळून गड राखतात. पहिल्या आठवड्यात हरणाबाई, आमच्यातली सर्वांत थोरली, म्हणाली, "मासा कुटं आबाळात उडतो व्हय? येडं का खुळं लिवनारं!" दुसऱ्या आठवड्यात तिच्या शेळीला पिलू झाले, त्याचे नाव तिने सोनकी ठेवले. सुलाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, तर रोज दुपारी फोन: "तारकी सुटली का कोंडवाड्यातनं? तेवढंच सांगा, ठिवते." बायका शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी बोलू लागल्या. शेडच्या मालकांना, शेठना, वाटले, आपल्यालाच नावे ठेवतात. ते अगदीच खोटे नव्हते. काम मंदावले म्हणून ते ओरडायला आले, दाराला टेकून उभे राहिले, आणि धडा संपल्यावर "उद्या किती वाजता?" असे विचारून गेले.

मग तो धडा आला. लढाई संपलेली आहे. तारकी आणि सोनकी एका राहुटीत एका चुलीवर भाकरी करतात, आणि सोनकी हातांनी सांगते की मला आता दुसरीकडे जायचे नाही, नवराबायको राहतात तशी तुझ्याबरोबर राहणार. मी तो घरी आधी वाचला होता. गाळावा असे मनात होते. गाळला नाही. त्या वाक्यापाशी मी थांबले. राहीबाई शेवटच्या टेबलाला बसते, तिचे हात थांबले होते. हरणाबाई खालमानेने काड्या वेचत होती. ती म्हणाली, "म्हंजी आपली मंगलाक्का नि राहीबाईगत." मग म्हणाली, "वाच की पुढं. थांबलीस का?"

एवढेच. कोणी तोंडाला पदर लावला नाही, कोणी कोणाला कोपराने ढोसले नाही. ज्या वाक्याला आम्ही दोघी इतकी वर्षे भिऊन राहिलो, ते काड्या वेचता वेचता येऊन गेले. राहीबाई नेहमी रस्त्याने माझ्या मागे मागे चालायची. त्या संध्याकाळी ती बोळातून माझा हात धरून आली. घरी आल्यावर मी रडले. ती म्हणाली, "गप. च्या ठिवते."

पुढे एक जादूगार तारकीला नवा पाय देऊ करतो आणि मोल म्हणून सोनकीची आठवण मागतो. तारकी नको म्हणते. यावरून शेडात दोन तट पडले, एकमेकींना पाण्याचा तांब्या देईनात. "पाय घ्यायचा हुता. सोनकी म्होरंच हाय की, पुन्ना वळख करून घ्यायची," हे सुलाबाईचे म्हणणे. "आन् मग ढगमाशावर कोन बसलं असतं, तू?" हे हरणाबाईचे. शेवटी मला विचारले. मी म्हटले, पाय फुकट देत असला तर दोन घेईन, पाण्याच्या रांगेत उभे राहायला बरे. राहीबाईच्या बदल्यात नको. तेव्हा पाणी चालू झाले.

लेखिका सांगलीचीच एक तरुण मुलगी आहे. तिची परवानगी घेतलेली नाही म्हणून नाव लिहीत नाही. तिला आम्ही हिरव्या बेदाण्याची पेटी पाठवली, वर चिठ्ठी: दुसऱ्या भागात तारकीचा पाय बरा केलास तर पुढची पेटी काळ्या, हलक्या बेदाण्याची. तिचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते कळले नाही.

तरी ही प्रत शेडातल्या बायकांची सामाईक. माझ्यामागे वाचण्याचे काम सुलाबाईची सून अपेक्षा हिने करावे. आवाज चांगला आहे, फक्त लढाई आली की वाचताना पळते. पळू नये. दुसरा भाग निघाला की माझ्या ठेवीतून घ्यावा.

कलम ४. तीनचाकी स्कूटर राहीबाईला. तिला चालवता येत नाही. मी आहे तोवर शिकावे, नंतर ओरडायला कोणी नसेल. शिसवी कुबडी ज्याच्या उंचीला बसेल त्याला द्यावी. कॅलिपर माझ्या मापाचे आहे, ते भंगारात घालावे. त्याला हार घालून फोटो काढू नयेत.

कलम ५. बँकेतील ठेव, भांडीकुंडी, शिलाई मशीन, सर्व राहीबाईला. तांब्याची घागर शेजाऱ्यांना, उकिरडा हलवल्यास.

~~कलम ६. माझा अंत्यविधी रीतीप्रमाणे करावा. भाचा मल्हार याने मडके धरावे व अग्नी द्यावा, म्हणजे भावकीत बोलायला जागा राहणार नाही आणि घराचे तो मनाला लावून घेणार नाही.~~

(कलम ६ खोडले आहे. खोडणारी मीच. कारण पुढे.)

दुरुस्ती. वरील मजकूर सही करण्याआधी मी काल शेडात वाचून दाखवला. वाचायची सवय लागली आहे आणि त्यांना ऐकायची. वकील निमिष हजर होते, कपाळाला हात लावून. कलम एकला बायकांनी माना डोलावल्या. कलम दोनला भाऊसोला ज्या शिव्या बसल्या त्या इथे लिहीत नाही. कलम सहा संपले आणि सुलाबाई उभी राहिली.

"थांब अक्का. हितं चुकलीस."

मी विचारले, काय चुकले?

"तारकीनं काय केलं हुतं? चुलत्याला वाईट वाटू नये म्हनून गडाच्या किल्ल्या त्येच्या हातात दिल्या. आन् त्यानं दाराभाईर कुनाला ठिवलं? सोनकीला. तवा तूच पुस्तक आपटलं हुतंस टेबलावर."

"खरं हाय," हरणाबाई म्हणाली. "आपल्याकडं ज्यानं मडकं धरलं त्येचं घर. मल्हारच्या खांद्याव मडकं दिलंस, म्हंजी घर बी त्येलाच दिलंस. कागुद कोन वाचतंय गं? लोकं मडकं बघत्यात."

वकील म्हणाले, कायद्याने मडक्याचा आणि घराचा काही संबंध नाही.

हरणाबाई म्हणाली, "आवं सायेब, कायदा तुमच्या कचेरीत. मयताच्या दुसऱ्या दिशी त्यो हितं दारात हुबा ऱ्हायला तर ही एकटी बाई काय कागुद फडकवत बसंल?"

वकिलांनी कपाळावरचा हात काढला. मग म्हणाले, "मावशी, त्या म्हणतात त्यात तथ्य आहे."

तथ्य होतेच. घर राहीबाईला देण्याचे धाडस मी केले आणि त्याची भरपाई म्हणून माझे मढे मल्हारला देऊन टाकले. एवढे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारी मी, आणि हे मला दिसले नाही. भीती माणसाला असे आंधळे करते.

"मग मडकं धरायचं कुनी? बाईमानूस धरती का कुटं?" कोणीतरी विचारले. सगळ्यांनी शेवटच्या टेबलाकडे पाहिले. राहीबाई शेडात कधी बोलत नाही. तिने पदराला हात पुसले आणि उठली.

"म्या धरीन," ती म्हणाली. "माझं मानूस हाय त्ये. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

मी तिथेच पेनने जुने कलम सहा खोडले. कागद अपेक्षाने धरून ठेवला.

वकील म्हणाले, नवा स्वच्छ कागद करू. मी नको म्हटले. खोडलेले दिसू दे. खोडाखोडीवर माझी आणि साक्षीदारांची सही घ्यावी लागते, तेवढी त्यांनी घेतली.

कलम ६, नवे. माझे मडके राहीबाईने धरावे. अग्नी राहीबाईनेच द्यावा. मल्हारने यावे, रडू आले तर रडावे, जेवून जावे. त्याला कोणी पाहुण्यासारखे वागवू नये, आणि मालकासारखेही नको. स्मशानातल्या नोंदीत 'मयताशी नाते' असे विचारतील. तिथे काय सांगायचे ते मी ठरवत नाही. राहीबाईने ते काल शेडात सर्वांदेखत सांगितले आहे, आणि ज्यांनी ते ऐकले त्या खाली सह्या करीत आहेत.

मंगल बिरदेव काळेल (सही)

साक्षीदार:
१. हरणाबाई वीरकर, डाव्या हाताचा अंगठा
२. सुलाबाई माळी, सही

मंगल काळेल यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली. ज्यांना घरदार मिळणार आहे त्यांनी साक्षीला नसावे असे वकिलांनी सांगितले, म्हणून राहीबाई तेवढा वेळ अंगणात उभ्या होत्या. साक्षीदार दोनच पुरतात, असेही वकील म्हणाले. तरी सगळा शेड आला आहे, आणि अंगणात राहीबाईंच्या बाजूला उभा आहे.

ठिकाण: तासगाव
दिनांक: १२ मार्च २०२५