त्याच नावाने

४ ऑक्टोबर
पोहोचले, नव्या नोकरीवर! तिसरा मजला, खिडकीशेजारचं टेबल आणि किल्लीसकट स्वतःचा ड्रॉवर. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, ऑफिसात बसणारीही पहिलीच. आईला फोनवर खुर्चीसुद्धा वर्णन करून सांगावी लागली. काम असं: लोक आपली अ‍ॅप एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर बनवतात आणि ती तिथेच राहतात. आम्ही त्यांची प्रत रोज आपल्या डिस्कवर उतरवायची. सगळे ज्यांना मास्तर म्हणतात त्या सीनियरांनी बजावलं, की एका बटणावर नुसता कोड उतरतो. आतली माहिती, म्हणजे नावं, फोटो, वेगळी उतरवावी लागते. मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

६ ऑक्टोबर
मास्तर म्हणाले, सरावाला स्वतःचं अ‍ॅप घे. माझं एकच आहे, घरच्यांच्या औषधांचं. आईबाबांना वाचता येत नाही, म्हणून पडद्यावर फक्त फोटो: आई, बाबा, मी आणि भिंगरी. भिंगरी माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. गेल्या महिन्यात तिला दम्याचा पंप लागला, तेव्हा तिला त्यात घातलं. आज कोड आणि माहिती, दोन्ही उतरवलं. प्रत खरंच चालते का तेही तपासते म्हटल्यावर मास्तर हसले. ही बाई बॅकअपचाही बॅकअप घेईल, म्हणाले.

७ ऑक्टोबर
तपासायला आधी माझ्याकडची ऑगस्टमधली जुनी प्रत अ‍ॅपवर चढवली, म्हणजे चालू माहितीच्या जागी तीच बसली. छान चालली. तीनच फोटो, साहजिकच. संध्याकाळी नियमाप्रमाणे बॅकअप घेतला आणि मग लक्षात आलं, फाइलचं नाव तेच होतं. कालची प्रत पुसून तिच्या जागी आजची बसली. भिंगरीची नोंद कुठेच उरली नाही. स्वतःला चार शिव्या घातल्या. उद्या घरून तिचा फोटो मागवते.

८ ऑक्टोबर
आईने विचारलं, कोण भिंगरी? मी म्हटलं, थट्टा पुरे. मग बाबांनी फोन घेतला. एवढी शिकलीस आणि आता बहीण मागतेस होय, म्हणाले. दोघं खूप हसले. मी मागून तिचा आवाज येण्याची वाट पाहिली. नळ वाहत होता. बाकी काही —

११ ऑक्टोबर
माझ्या फोनमधले सगळे फोटो पाहिले. निघतानाचा, दारातला. आई, बाबा, मी. माझा हात पुढे, कमरेच्या जरा वर, कशावर तरी ठेवल्यासारखा. हाताखाली काही नाही.

१२ ऑक्टोबर
मास्तरांना अ‍ॅपचंच सांगितलं. बाकीचं कसं सांगू? त्यांनी स्वतः प्लॅटफॉर्मवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं: ज्याची प्रत नाही ते परत आणता येत नाही. जिवाला लावून घेऊ नकोस पोरी, मास्तर म्हणाले. नवी नोंद कर.

१३ ऑक्टोबर
नवी नोंद. वय नऊ. फोटो नाही. ओळखीची खूण — पुढचा दात अर्धा तुटलेला. पूर्ण नाव — भिंगरी लिहिलं. अ‍ॅप घेत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचंच नाव हवं, चूक नको, ही अट मीच घातलेली.

तिच्या शाळेचा फॉर्म मीच भरला होता. घरात लिहिणारं दुसरं कोण? नावही मीच शोधलं. आठवडाभर. बाबा म्हणाले, तुला आवडेल ते घाल. मला ते नाव येतं. पंप निळा — नाही, आधी नाव. पहिलं अक्षर —