करवंदीचा काटा

रत्नागिरी, गुरुवार, डिसेंबर १९५५. दिवेलागण.

शालूचा धाकटा भाऊ वसंता मुंबईहून आला. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. चहा संपायच्या आत म्हणाला, "भावोजी, ताईची तबकडी लावा ना."

मुंबईच्या एका दुकानात शालूने स्वतःचं भजन भरून घेतलं होतं, त्याची ही एकुलती एक तबकडी. आमच्या ग्रामोफोनला ती पोलादी सुई लावूच द्यायची नाही. सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून, करवंदीचे काटे आणायची. "सुईनं कानाला बोचतं हो. काट्यानं कसं मऊ लागतं." मीही आजवर काटाच लावत आलो.

वसंताने तो काढून सुई बसवली. "काट्यानं आवाज दबतो, भावोजी. आता खरा ऐका."

आणि शालू खोलीत आली. मऊ नाही, गोड नाही, पण तीच. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिला दम लागत होता. म्हणजे तेव्हापासूनच? दुखणं तर पुढे वर्षभराने कळलं. मग तो काटा मऊ लागतो म्हणून होता, की मला हे ऐकू येऊ नये म्हणून? कुणाला विचारू?

तबकडीवर काळा भुगा पडला होता. सुई तिला खरवडते.

वसंता गेल्यावर परत काटा लावून पाहिला. गोड गाणं. दम कुठेच नाही. चिडून काटा काढून फेकला.

सुई लावली आहे. तबकडी झिजली तर झिजू दे. मला गाणं नकोच आहे, तिचा श्वास हवाय.