हिल्काच्या गाडीचं दार

चि. हिल्का हिला थोरल्या भावाचे, म्हणजे तौनोचे, पोटभर आशीर्वाद. स्पेनच्या उन्हात तुझे गुडघे काय म्हणतात? आमचे काहीच म्हणत नाहीत, गोठलेत. तू मे महिन्यापर्यंत तिथंच राहा, उगाच घाई नको. तुझी लाल गाडी आमच्या अंगणात सुखरूप उभी आहे. (दाराचं पुढे सांगतो.)

परवा तुझ्या वहिनीला, सिल्वीला, सत्तर पुरी झाली. पाद्रीबाईंपासून सगळा गाव कॉफीला यायचा होता, म्हणून तिने पिवळ्या रानबेरींचा केक आदल्या दिवशीच करून तुझ्या गाडीत ठेवला. फ्रीज माशांनी भरलेला, पडवीत उंदीर; हिवाळ्यात गाडीसारखं कपाट नाही हे तुला काय सांगायचं. आता पाहुण्यांपुढे बहिणीची गाडी मळकी दिसू नये म्हणून मी ती त्याच संध्याकाळी धुतली. हवा जरा नरमली होती, मलाही हुरूप आला. रात्रीत पारा उणे तीसवर गेला आणि सकाळी दारं अशी बसली होती, जशी डाग देऊन सांधलीत. कुलपात किल्ली शिरेना. पाहुणे आता येतील आणि केक आत. हे सिल्वीला सांगून तिचा दिवस कशाला नासवायचा, म्हणून मी गप्प.

शेजारचा रेयो आला. "दादा, फुंकर घाला, ऊब लागली की सुटतं." मी वाकून फुंकर घातली, तर ओठच दाराला चिकटला. सिल्वी कोमट कॉफी घेऊन आली, पण ओतायच्या आधी थांबली. "राहू दे रे जरा," रेयोला म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच माझं बोलणं पुरं होतंय."

मग किल्ली चुलीवर तापवली. ती आत गेली, चुर्र झालं, आणि तिथंच गोठून बसली. रेयोने घरची दारू आणली, कुलपाला थोडी, स्वतःला बरीच. (कुलूप ढिम्म, रेयो सैल.) शेवटी मी पक्कड लावून किल्ली पिळली आणि रेयोने मूठ धरून ओढली. नेमक्या तेव्हाच पाद्रीबाई फाटकातून आत आल्या. सिल्वी बाहेर आली, गाडीच्या मागे गेली, नुसती टेकवलेली डिकी वर केली आणि केक काढला.

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"अहो, मला वाटलं हिल्काच्या दाराची डागडुजी चाललीय," ती म्हणाली. "केकचं कुणी विचारलं होतं मला?"

केक फार चांगला झाला होता. पाद्रीबाईंनी परत परत घेतला. मला ओठामुळे खाता आला नाही.

ओठाला लोणी लावून बसलेला,
तुझा दादा तौनो

ता. क. किल्ली अर्धी माझ्याकडे आहे, अर्धी दारात. मूठही निघून आली. रेयोने दुसरी शोधलीय, पण ती हिरवी आहे. मेपर्यंत लाल मिळेल.

आणखी एक. तुझ्याकडची दुसरी किल्ली मात्र लगोलग टपालाने पाठव. सिल्वीने तुझ्या वाटचा केक आईच्या निळ्या ताटलीत काढून ठेवला होता. थंडीत टिकेल म्हणून मी तो तुझ्या डिकीत ठेवला, आणि या वेळी डिकी आठवणीने दाबून कुलूपबंद केली. रविवारी ती ताटली चर्चमध्ये न्यायचीय. ताटली कुठाय, हे सिल्वीने अजून विचारलेलं नाही.